गायकवाड सिस्टरांची चूक

गायकवाड सिस्टर औषध मोजत असताना कुणी त्यांच्याशी बोललं, तर मोजलेलं औषध त्या बेसिनमध्ये ओतून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बोलणाऱ्याकडे बघत नसत, रागावतही नसत. नुसतं ओतून देत. मी त्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्यामुळे तीन वेळा औषध ओतलं गेलं. चौथ्या वेळी मी गप्प उभी राहिले.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. उल्हासनगरात वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल होतं. खाली ओपीडी, वर वॉर्ड, मागच्या गल्लीत जीन्स शिवण्याची मशिनं दिवसभर खडखडत. मी नर्सिंग करून नुकतीच आले होते आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या. अंबरनाथ पश्चिमेला राहायच्या. उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या साडीखाली कापडी बूट. पौर्णिमेला विहारात जायच्या तेव्हाही हेच बूट, असं त्यांची धाकटी बहीण मला एकदा वैतागून म्हणाली होती.

त्यांना स्वस्थता म्हणून नव्हती. बोलता बोलता कपाटातल्या बाटल्यांची लेबलं समोर वळवत. जिन्यावरून चढणाऱ्या बाईच्या कडेवरचं पोर बघून त्याच्या वजनाचा मनाशी अंदाज बांधत आणि ते काट्यावर ठेवलं की आपला अंदाज किती चुकला ते पुटपुटत. त्यांच्याबरोबर ड्युटी करणं म्हणजे चालत्या माणसामागे पळणं. मी दमून जायची. खरं सांगायचं तर त्या मला आवडत नव्हत्या.

वजनाचं त्यांना वेडच होतं. औषध वजनावर ठरतं, त्यामुळे वजन चुकलं की पुढचं सगळं बरोबर करूनही चूकच, असं त्यांचं म्हणणं. केसपेपरवर मागच्या खेपेचं वजन असलं तरी त्या ते मानत नसत. पोर आज समोर आहे ना, मग आज मोजा. डिसेंबरात एक सिंधी आजी नातवाला घेऊन आली. लोकरी टोपी, दोन स्वेटर, बूट, पायात चांदीचे जाड वाळे, हातात कडं, गळ्यात काळा दोरा.

"ये सब उतारो, अम्मा," सिस्टर म्हणाल्या.

"दोरा नहीं उतरेगा. नजर लग जायेगी."

"दोरा रहने दो. दोरे का वजन मेरे को मंजूर है. बाकी उतारो."

आजी कुरकुरत एकेक काढत गेली, सिस्टर एकेक खुर्चीवर ठेवत गेल्या. मग पोराला काट्यावर ठेवलं. केसपेपरवरच्या आधीच्या आकड्यापेक्षा सातशे ग्रॅम कमी.

"अरे, सात सौ ग्राम थंडी थी अम्मा, बच्चा नहीं था," सिस्टर म्हणाल्या. आजी हसली, पण सगळ्यात आधी वाळे उचलून ओच्यात बांधले.

माझी पाळी लवकरच आली. आठ किलोचं बाळ, ताप. किलोला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे एकशेवीस मिलिग्रॅम. तापाचे थेंब एका मिलीत शंभर मिलिग्रॅमचे. मी कागदावर भराभर केलं आणि उत्तर लिहिलं: बारा मिली. सिस्टरांनी कागद बघितला. कपाटातून थेंबांची नवी बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"किती मिलीची आहे?"

"पंधरा."

"आणि बाळाला किती देतेयस?"

जवळजवळ अख्खी बाटली मी त्या बाळाला पाजणार होते. एक पूर्णांक दोन दशांशऐवजी बारा.

"आधी डोळ्यांपुढे आण," त्या म्हणाल्या. "एवढंसं पोर, त्याच्या तोंडात जाणारं औषध, किती असेल अंदाजे? पाव चमचा? अख्खी वाटी? तो अंदाज आधी बोल. मग गणित कर. गणित अंदाजाच्या जवळपास आलं नाही तर थांब. कॅल्क्युलेटरला पोर दिसत नाही, तुला दिसतं."

त्यानंतर त्यांचा नियम मला चुकला नाही. दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर गणित करायचं, एकमेकींचा कागद बघायचा नाही, मग दोन्ही उत्तरं एकदम मोठ्याने बोलायची. वेगळी आली तर पोराजवळ जायचं नाही. माझे बारा मिली त्यांनी एका वहीत लिहिले. वॉर्डात सगळे तिला चुकांची वही म्हणत. काय झालं, का झालं, आता काय करायचं, एवढंच तिच्यात असे. कुणी केलं ते त्या लिहीत नसत. मला वाटलं होतं, ती वही डॉक्टरांच्या टेबलावर जाईल. गेली नाही. पण नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी ती वाचायला देत, आणि मला समोर बसून ऐकावं लागे.

डॉक्टरांचीही सुटका नव्हती. हॉस्पिटल त्यांच्या मालकीचं, माणूस चांगला, निदानाला पक्का, पण घाईचा. केसपेपरवर ते 'एक चमचा' लिहीत.

"साहेब, चमचा कुणाचा?" सिस्टरांनी विचारलं.

"अरे सिस्टर, चमचा म्हणजे पाच एमएल. सबको पता है."

सिस्टरांनी ओपीडीतल्या सात आयांना घरून चमचा आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सातही चमचे डॉक्टरांच्या टेबलावर मांडले आणि बिनसुईच्या सिरिंजने पाण्याने भरून दाखवले. सगळ्यात लहानात तीन मिली मावलं, सगळ्यात मोठ्यात जवळजवळ आठ.

"यातला कुठला तुमचा?"

डॉक्टर हसले. "सिस्टर, तुम्ही माझी प्रॅक्टिस बंद करणार."

"मिलीही लिहू नका, साहेब. मिली बाटलीवर ठरतात. समोरचा केमिस्ट एक बाटली नसली की दुप्पट ताकदीची देतो आणि म्हणतो, साईं, सेम माल है. तुम्ही मिलिग्रॅम लिहा. मिली आम्ही काढतो."

महिनाभर कुरकुरून डॉक्टर मिलिग्रॅम लिहायला लागले. आयांना खुणांचं माप मिळायला लागलं. माप देताना सिस्टर प्रत्येकीला तेच सांगत. माप डोळ्यांसमोर धरायचं, खालून-वरून बघायचं नाही. खुणेपर्यंत औषध आलं पाहिजे. आणि फेस मोजायचा नाही. फेस म्हणजे औषध नाही. हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. मीही आयांना तेच सांगायला लागले.

साक्षी बदलापूर पूर्वेच्या शिरगावची. सहा वर्षांची, अठरा किलोंची, दोन दात पडलेली. घर जुन्या शेतकऱ्यांचं. थोडी जमीन बिल्डरकडे गेलेली, थोडी उरलेली, बाप रिक्षा चालवायचा. साक्षीला फिट यायच्या. डॉक्टरांनी फिटचं पातळ औषध सुरू केलं होतं, सकाळी पंचेचाळीस मिलिग्रॅम, संध्याकाळी पंचेचाळीस. त्या औषधात पाच मिलीत तीस मिलिग्रॅम. म्हणजे साडेसात मिली एका वेळेला. गणित दोघींनी केलं होतं, दोन्ही कागद जुळले होते. दोनशे मिलीची बाटली तेरा दिवस पुरायची.

तरी फिट थांबेनात. औषधाचं रक्तातलं प्रमाण बघायला नमुना मुंबईला पाठवला. रिपोर्ट आला, प्रमाण कमी. डॉक्टरांनी जे कुणीही केलं असतं तेच ठरवलं. डोस वाढवायचा. शनिवारी आईला सांगितलं, सोमवारी या, नवीन डोस लिहून देतो.

आई उठता उठता म्हणाली, "वाढवा साहेब, पण पोर आधीच कशी झोपाळल्यासारखी करते. परवा चालताना पडली. बोलते पण जिभेत अडकून."

डॉक्टर म्हणाले, "फिटनंतर होतं तसं."

सिस्टर दारात उभ्या होत्या. आई गेल्यावर त्यांनी साक्षीचा केसपेपर उचलला आणि मला वर नेलं. नवी बाटली फोडली की आईने तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकायची आणि पुढच्या खेपेला आम्ही तीच तारीख केसपेपरवर लिहायची, ही त्यांची पद्धत होती. त्या खिडकीपासून दारापर्यंत चालत होत्या आणि मला वाचायला लावत होत्या.

"फिट कधी?"

मी तारीख वाचली.

"बाटली कधी फोडली?"

"दोन दिवस आधी."

"त्याआधीची फिट?"

"बाटलीचा चौथा दिवस."

"पडली कधी? झोपाळली कधी?"

"बाराव्या दिवशी. त्याआधीच्या खेपेला अकराव्या."

"रक्त कुठल्या दिवशी काढलं?"

"तिसऱ्या."

त्या थांबल्या. "बाटलीच्या वरच्या भागात औषध नाही आणि तळाला नको तेवढं आहे. देण्याआधी हलवत नाहीत, औषध खाली बसतं. आणि आपण सोमवारी डोस वाढवणार आहोत."

आता मलाही बसवेना. वाढवलेल्या डोसाची बाटली तळाला आली की साक्षीचं काय होईल, याचा हिशेब मी मनात करायला लागले आणि अर्ध्यावर सोडला.

सोमवारी आई आली तेव्हा सिस्टरांनी तिला डॉक्टरांकडे जाऊ दिलं नाही. बाटली आणायला त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवर आधीच निरोप दिला होता. आईने पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली काढली. सरळ उभी, दोन्ही हातांत, काठोकाठ दूध भरलेलं भांडं धरावं तशी.

"शिरगावपासून जरा पण हलू दिली नाय, सिस्टर," ती म्हणाली. तिला याचा अभिमान वाटत होता.

"का गं हलू दिली नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं ना. फेस मोजायचा नाय म्हणून. हलवली की फेस येतो. मग माप फेसानं भरतं, पोरीला औषध कमी जातं. सासूबाई पण सांगतात, देवाच्या तेलासारखी ठेव. आम्ही कपाटात वरच्या फळीवर ठेवतो, कुणी हात लावत नाय."

सिस्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. तळाला बोटभर पांढरट गाळ घट्ट बसला होता, वर जवळजवळ पाणी. मी वाट बघत होते की त्या आता बाईला झाडणार. मला त्यांचा तो सूर माहीत होता.

"माझी चूक आहे ही," त्या म्हणाल्या. "तुझी नाही. तू मी सांगितलं तसंच केलंस."

बाई घाबरली. तिला वाटलं, काहीतरी भलतंच झालं. सिस्टरांनी तिला समजावलं, बाटली कशी हलवायची, तळ सुटेपर्यंत, मग फेस बसेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं आणि गाळ परत खाली जायच्या आत मोजायचं. आजवर त्या सगळं सांगून झाल्यावर "कळलं?" म्हणत आणि आया "हो" म्हणत. त्या दिवशी त्यांनी "कळलं?" विचारलं नाही. एक नवी बाटली आईच्या हातात दिली. "मला सांगू नकोस. करून दाखव." आईने सहा वेळा केलं. चौथ्या वेळेपर्यंत दर वेळी काहीतरी राहत होतं.

मग त्या डॉक्टरांकडे गेल्या. मी मागे.

"साहेब, डोस वाढवू नका. एक बाटली नीट हलवून जाऊ द्या."

"रिपोर्ट लो आहे, सिस्टर."

"रिपोर्ट बाटलीच्या तिसऱ्या दिवसाचा आहे. अकराव्या दिवशी रक्त काढलं असतं तर तुम्ही डोस कमी केला असता."

डॉक्टरांनी केसपेपर ओढून घेतला. तारखा बघितल्या. मग म्हणाले, "और बीच में फिट आली तर?"

"आली तर लिहा माझ्या नावावर. पण चूक सुधारायच्या आधी डोस वाढवू नका."

"तेरा दिवस," डॉक्टर म्हणाले. "एक फिट आली की इथे आणायचं, मध्ये कुणाला विचारायचं नाही."

त्या तेरा दिवसांत सिस्टरांनी आम्हाला वेडं करून सोडलं. रोज सकाळी अंबरनाथहून आधी उलट्या दिशेला बदलापूरला जायच्या, तिथून शिरगावला, साक्षीचा सकाळचा डोस समोर बघायच्या आणि मग ड्युटीवर. एक दिवसही उशिरा आल्या नाहीत. वॉर्डात मात्र फोन वाजला की हातातलं तसंच धरून उभ्या राहायच्या. त्या काळात मोजलेलं औषध त्यांनी जितक्या वेळा ओतून दिलं तितकं मी वर्षात पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणीच बोललेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. मीच घेतला. "साक्षी पडली," एवढंच पलीकडून कुणीतरी बोललं आणि फोन कटला. सिस्टरांच्या समोर बारा मुलांच्या औषधांचा ट्रे होता. मी म्हटलं, तुम्ही जा, मी करते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ट्रे पूर्ण केला, माझ्याबरोबर प्रत्येक उत्तर मोठ्याने बोलून जुळवलं. मग पर्स उचलली आणि जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत उतरल्या.

परत आल्या त्या संध्याकाळी. गुडघ्यापर्यंत धूळ.

"फिट?" मी विचारलं.

"कोंबडीच्या मागे पळत होती. उंबऱ्याला अडखळली. गुडघा फुटलाय." त्यांनी पर्स खुंटीला लावली. "आधी चालताना पडायची. आता पळताना पडली. पळताना सगळेच पडतात."

तेरा दिवस गेले. फिट आली नाही. अकराव्या-बाराव्या दिवशी झोपाळली नाही. डॉक्टरांनी पुन्हा रक्त पाठवलं, प्रमाण बरोबर आलं, डोस तोच राहिला. डॉक्टर खूश होते. ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टरने बच्ची को बचाया."

"मी वाचवलं नाही, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मी बिघडवलं होतं ते नीट केलं."

ओपीडीत जरा अवघडल्यासारखं झालं. एवढ्या चांगल्या शब्दांवर असं कुणी बोलतं का, असं तेव्हा मलाही वाटलं.

त्या दुपारी त्यांनी चुकांची वही काढली. तिच्यात पहिल्यांदाच एक नाव लिहिलं गेलं, त्यांचं स्वतःचं. खाली लिहिलं: 'आईला काय करायचं नाही ते सांगितलं. काय करायचं ते सांगितलं नाही. तिने उरलेलं स्वतः ठरवलं आणि नीट विचार करून ठरवलं.' मी वाचलं आणि वही मिटणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. रजिस्टर आण. हे वाक्य मी साक्षीच्या आईला एकटीलाच सांगितलं का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साक्षी बरी झाली, विषय संपला, असं मी धरून चालले होते. आम्ही तीन वर्षांची रजिस्टरं काढली. फिटचं तेच औषध चालू असलेली सतरा मुलं निघाली. काही नेमाने यायची. त्यांच्या आयांना सिस्टरांनी पुढच्या खेपेला बाटली आणायला लावली. एकीने बाटली हलवली, दोघींनी नुसती उलटी करून सरळ केली, बाकीच्या तशीच ओतायला लागल्या. सात मुलं यायची बंद झाली होती. घर बदललं, डॉक्टर बदलला, काय झालं ते माहीत नव्हतं.

"ती दुसरीकडे जात असतील, सिस्टर," मी म्हटलं. "तिथली जबाबदारी तिथल्यांची."

"वाक्य माझं घेऊन गेलीत ना?"

सात पत्ते त्यांनी कागदावर उतरवून घेतले. सुट्टीच्या दिवशी एकेक घर. एक कुटुंब चिखलोलीच्या नव्या इमारतींत सापडलं, बांधकामावरच्या वॉचमनला विचारत विचारत. एक उल्हासनगरातच तीन खोल्या बदलून. एका घरी दुसऱ्याच एका सिंधी आजीने त्यांना औषधांच्या कंपनीची बाई समजून पाणीही न विचारता बाहेर काढलं, तर त्या पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. मी एकदाही बरोबर गेले नाही. मला सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे असत.

पुढे माझं लग्न झालं, मी हॉस्पिटल सोडलं. सिस्टरही निवृत्त झाल्याचं कानावर आलं. आता मी दुसरीकडे वॉर्ड सांभाळते. नव्या मुली माझ्या नावाने बोटं मोडतात, ते मला माहीत आहे.

सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्याच इमारतीच्या जिन्यावर, अंबरनाथमध्ये. भाजीची पिशवी घेऊन मी चढत होते आणि वरच्या मजल्यावर त्या एका दारासमोर उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे, हातात तो सात पत्त्यांचा कागद, घडी घालून घालून फाटायला आलेला. मला बघून ना हसल्या, ना कशी आहेस म्हणाल्या.

"वैशाली, तेजसची आई इथेच राहते ना? चार घरं बदललीत या बाईने."

दार उघडलं. तेजसच्या आईने त्यांना ओळखलं नाही. सिस्टरांनी नाव सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, फिटचं औषध सांगितलं. "बाटली आणा. मला बघायचंय तुम्ही कसं देता."

"अहो सिस्टर," ती बाई हसायला लागली, "किती वर्षं झाली त्याला! तेजस आता सहावीत गेला. फिट नाही काही नाही. बाटली केव्हाच बंद केली डॉक्टरांनी. आता गोळी असते रोजची."

मला वाटलं, आता त्या वळतील. मी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे चहाला या म्हणायला तोंड उघडलं. सिस्टरांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

"बोलव त्याला," त्या म्हणाल्या. "गोळी कशी घेतो ते दाखवू दे."